कार्डावरचे रिकामे चौकोन

२९ डिसेंबर २००८, सोमवार

डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावर एका दिवसाला एक चौकोन आहे. डोकं दुखलं तर किती दुखलं ते लिहायचं, १, २ किंवा ३. दुखलं नाही तर चौकोन रिकामा सोडायचा. बाकी काही लिहायला त्यात जागाच नाही. म्हणून आचलच्या अकरावीच्या वहीतली मागची कोरी पानं घेतली.

डिसेंबरच्या कार्डावर अकरा चौकोन भरले. त्यातले सात ३ चे. डॉ. प्रेरणाने मोजले आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या अभ्यासात बसता." बऱ्याच वर्षांनी मी कशात तरी बसले.

तिने फॉर्म भरला. नाव रीता, वय बेचाळीस, राहणार हिंगणघाट. घरी कोण कोण? सासरे सदाशिवराव, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा भूपेंद्र, कापडाचं दुकान. मुलगी आचल, बारावीत. डोकं केव्हापासून दुखतं? लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून. तिने 'वीस वर्षे' लिहिलं.

"कशाने सुरू होतं, काही लक्षात आलंय?"

"नाही."

तेही लिहिलं.

मग समजावून सांगितलं. कपाळावर आणि डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने बांधायचे आणि एका छोट्या यंत्रातून अगदी थोडी वीज सोडायची. सुई नाही, भूल नाही, फाडणं-टोचणं नाही. दुखायला लागल्यावर करायचा हा इलाज नाही, दुखूच नये म्हणून आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, वीस-वीस मिनिटं, चार आठवडे. आणि एक गोष्ट आधीच सांगते म्हणाली. निम्म्या लोकांना खरी वीज मिळेल आणि निम्म्यांना फक्त सुरुवातीचं अर्धं मिनिट. कोणाला काय मिळतं ते तिलाही कळणार नाही. यंत्रात नंबर टाकायचा, बाकी यंत्र ठरवतं.

मी सही केली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "करंट? डोक्याले? काऊन, पागल करते का तुले?"

मामाजी, म्हणजे सासरे, खुर्चीतून म्हणाले, "जाऊ दे तिले. वीस वर्षं गोळ्या खाऊन राह्यली. काय झालं गोळ्यानं?"

३ जानेवारी २००९, शनिवार

काल ३. पोळ्या लाटताना डाव्या डोळ्यासमोर तो नागमोडी उजेड सुरू झाला. वीस मिनिटांनी तो जातो आणि मग दुखणं येतं. गॅस बंद केला, बादली घेतली, मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. चार वेळा उलटी.

बाहेर मामाजींनी दाराशी खुर्ची टाकली होती. हे नेहमीचंच आहे. लीलाबाई भांडी घासायला आली तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला. "भांडे वाजवू नको वो. सूनबाईचं डोकं दुखून राह्यलं." टीव्हीही त्यांनीच बंद करायला लावला. एरवी हेच मामाजी दिवसभर सूनबाई, सूनबाई करतात. चहा, पाणी, चष्मा, पेपर, कोण आलं, कोण गेलं. डोकं दुखतं त्या दिवशी मात्र एक हाक नाही.

आई गेली तेव्हाही ३ होतं. केळझरला माहेरी पोचले ती सरळ मोरीत जाऊन बसले. डोक्यामुळे हिला रडता आलं नाही, असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून चालले.

५ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. सकाळच्या बसने वर्ध्याला गेले. एका छोट्या खोलीत दोन खुर्च्या, मधे पडदा. पट्टा बांधल्यावर कानामागून मिठाचं पाणी ओघळलं. डॉ. प्रेरणाने रुमालाने पुसलं. मग बटण. आधी खाज आली, मग टोचल्यासारखं झालं, मग काही नाही. खरी वीज की खोटी, कळायला मार्ग नाही.

"कसं वाटतंय?" दर पाच मिनिटांनी विचारते आणि लिहून घेते. मी दर वेळी "बरं" म्हणाले. चौथ्या वेळी तिने पेन खाली ठेवलं. "ताई, खरं सांगितलं तरी चालतं."

"काहीच वाटत नाही," मी म्हणाले. तिने तेही लिहून घेतलं.

पडद्यापलीकडे दुसरी बाई होती. तिचा आवाज मोठा. "मले तं बाप्पा डोक्यात मुंग्याचं वारूळ फुटल्यावानी वाटून राह्यलं!"

७ जानेवारी, बुधवार

त्या बाईचं नाव मनकर्णा. सेलूजवळच्या एका गावची. वावरात वांगी, टमाटर, कोथिंबीर लावते आणि बाजारात नेऊन विकते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. डोकं दुखतं तेव्हा पदर करकचून बांधते आणि तसंच खुरपते.

"तू काय करतं, दुखलं का?" तिने विचारलं.

"खोलीत दार लावून पडते."

"दार लावते?" तिला गंमतच वाटली. "आमच्या घराले एकच दार हाय, तेही बकऱ्या उघडते."

मी हसले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हसले होते.

१६ जानेवारी, शुक्रवार

आठवड्याचे सातही चौकोन रिकामे. असं कधी झालं ते आठवत नाही. डॉ. प्रेरणाने कार्ड दोनदा पाहिलं. तिने काही बोलायचं नसतं, पण चेहरा बोलला. मनकर्णाचे चार भरलेले. "इचं यंत्र मले लावा," ती म्हणाली. यंत्रं तीच असतात, नंबर वेगळे, असं तिला सांगितलं. तिला पटलं नाही.

घरी सगळे खूश. हे म्हणाले, "चला, म्हणजे मार्च-एप्रिलच्या लग्नसराईत तू दुकानात बसशीन." मामाजी म्हणाले, "आता तं वणीच्या पोरीलेही बोलावू दोन महिने." माझी नणंद, तिची तीन मुलं.

मी "हो" म्हणाले.

२२ जानेवारी, गुरुवार

आज दुपारी जेवणं झाल्यावर मामाजींनी चहा मागितला, मग चष्मा मागितला, मग कालचा पेपर. मग यांचा दुकानातून फोन आला, डबा परत द्यायला गडी येतो आहे. मग मामाजींनी विचारलं, फोन कोणाचा होता.

मी म्हणाले, "माझं डोकं दुखतंय."

दुखत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मामाजी लगेच उठले. "जाय, जाय. पडून राह्य." बादली मी सवयीने उचलली. दार लावलं. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आत मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. झोपले नाही. पडद्याखालून उजेडाची एक पट्टी येते, ती फरशीवर सरकत होती. ती कपाटापर्यंत आली तेव्हा उठले. दोन तास झाले होते.

का म्हणाले, माहीत नाही. कार्डावरचा चौकोन रिकामा सोडला. डॉक्टरांशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

३० जानेवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. डॉ. प्रेरणा म्हणाली, आता दोन महिने फक्त कार्ड भरायचं. एकदा फेब्रुवारी संपताना दाखवायला या, एकदा मार्चच्या शेवटी. मनकर्णाने मला वांगी दिली, पिशवीभर. "येजो कधी वावरात. तुह्यं काय, दुखत तं नाई आता."

जानेवारीचे भरलेले चौकोन तीन. तिन्ही पहिल्या दहा दिवसांतले.

घरी या आठवड्यात दोनदा डोकं दुखलं. म्हणजे दुखतं म्हणाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आचलच्या बारावीच्या परीक्षेला पंधरवडा राहिला. आज ट्यूशनला गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. मला धस्स झालं. हे आईकडून मुलीकडे येतं असं डॉ. प्रेरणाने सांगितलं होतं. जाऊन पाहिलं तर खोलीत दिवा चालू, खिडकी उघडी, ती छताकडे बघत पडलेली. उजेड सहन होतो का विचारलं. होतो म्हणाली. उलटीसारखं? नाही. मग बहुतेक साधंच असेल, अभ्यासाचं. बाम लावून दिला.

आता घरात दोन-दोन दारं बंद, असं हे जेवताना म्हणाले. मामाजींनी त्यांना गप्प केलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

परवा, मंगळवारी, मामाजी पडले.

जेवणं झाली होती. पावणेतीनच्या सुमारास मी डोकं दुखतं म्हणाले आणि दार लावलं. हे दुकानात. आचल ट्यूशनला. मामाजी दाराशी बसले होते, खुर्चीचा आवाज आला होता. मी नेहमीसारखी पलंगाच्या कडेवर. साडेतीनला कधीतरी मागच्या अंगणाकडून "सूनबाई" अशी हाक आली. जोरात नव्हती. मला वाटलं, चहा. मला वाटलं, मी आत आहे हे विसरले असतील, आठवेल. परत हाक आली तर उठू.

परत आली नाही. म्हणजे मी ऐकली नाही.

पावणेपाचला आचल आली आणि ओरडली. मोरीच्या पायरीवरून पाय घसरला होता. एक पाय वाकडा, दुसरी चप्पल पायातच. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाले, "तू काऊन उठली?"

सव्वा तास.

खुब्याचं हाड मोडलं आहे. वर्ध्याला हाडांच्या दवाखान्यात नेलं. काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या वयात सांगता येत नाही, पण उभे राहतील बहुतेक.

काल दवाखान्याच्या बाकावर बसून कार्ड काढलं. १७ तारखेच्या चौकोनात ३ लिहिलं. पेनाने.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसा मी मामाजींजवळ बसते, संध्याकाळनंतर हे. आज त्यांना जरा बोलता आलं. नणंद वणीहून आली होती, तिने विचारलं, "पण बाबा, आवाज काऊन नाई देल्ला? वहिनी घरातच होती नं."

"देल्ला नं. दोन खेपा देल्ला. मंग मनात आलं, आज तिचं डोकं दुखते. उठली तं उलटी होईन तिले. आचल येईनच पाचपर्यंत. मंग पडून राह्यलो चुपचाप."

नणंद माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा वहिनी, किती जपतात तुम्हाले."

मी संत्रं सोलत होते. सोललं. फोडी केल्या. त्यांना भरवल्या. हात नीट चालले. आतून काही वाटायला हवं होतं. काय वाटायला हवं ते मला ठाऊक होतं, पण ते येत नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातूनच डॉ. प्रेरणाकडे गेले. आज कार्ड दाखवायचा दिवस होता. तिने बोट फिरवत पाहिलं आणि १७ वर थांबली.

"महिनाभर एकही नाही आणि एकदम तीन. उलटी झाली?"

"नाही."

"डोळ्यासमोर तो उजेड?"

"नाही."

"गोळी किती वाजता घेतली?"

"घेतली नाही."

ती थांबली. तिला घाई नव्हती. बाहेर रांग होती तरी.

"तो आकडा खोटा आहे," मी म्हणाले. "त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं."

"मग लिहिलं का?"

"दुखत असतं तर बरं झालं असतं म्हणून."

मग सगळं सांगितलं. दार, खुर्ची, हाक. पाच मिनिटांत झालं. एवढंसंच होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. अभ्यासातून नाव काढून टाकेल. तिने पेन माझ्यापुढे केलं. "एकच रेघ मारा. गिरवायचं नाही. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. बाजूला सही करा आणि आजची तारीख टाका."

मी तसं केलं.

"बाकीचे रिकामे चौकोन खरे आहेत?"

"खरे आहेत."

"मग तुमचं डोकं बरं होतंय, ताई," ती म्हणाली. "खोलीत जावंसं वाटणं हे वेगळं आहे. त्याला माझ्याकडे यंत्र नाही."

मी पिशवी उचलली आणि परत दवाखान्यात गेले.

१ मार्च, रविवार

यांना सांगितलं. ते कपडे बदलून दवाखान्यात जायला निघाले होते, चप्पल घालत होते.

"म्हणजे तू जागी होती?"

"हो."

"बाबानं आवाज देल्ला तो आयकू आला तुले?"

"एकदा आला."

त्यांनी चप्पल काढली. आत आले. पाणी प्यायले. परत चप्पल घातली. दारात उभं राहून म्हणाले, "दुखतच नव्हतं तं मंग तू आतमंधी करत काय होती?" लगेच पुढे म्हणाले, "आचलले सांगू नको. पेपर चालू हाय तिचे." आणि गेले.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. कुकर लावला.

१२ मार्च, गुरुवार

काल धुळवड. कोणी रंग आणला नाही. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. डबा, दवाखाना, आचलचा पेपर. घरी जेवायला थांबत नाहीत. मला राग येत नाही. त्यांचं बरोबर आहे.

बारा दिवसांत एकदाही दार लावलं नाही. डोकंही दुखलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

मामाजींना घरी आणून तीन दिवस झाले. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जातात, घामाघूम होतात. आज दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मामाजी, त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं."

त्यांना आधी कळलं नाही. "कोण्या दिवशी?"

"तुम्ही पडलात त्या दिवशी. त्याच्या आधीही काही दिवस. मी नुसतंच दार लावून बसत होते. तुमची हाक मी ऐकली होती."

ते माझ्या हाताकडे बघत होते. तेलाच्या. मग म्हणाले, "मी तं भिंतीले टेकून पडलो होतो. बोटानं फरशीवर टकटक करावं वाटे, तेही नाई केलं. म्हटलं, तिले आवाज सहन होत नाई."

मी तेल लावत राहिले.

"पाय सोड," ते म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड केलं.

२३ मार्च, सोमवार

चार दिवस मामाजींनी मला हाक मारलेली नाही. पाणी लीलाबाईकडे मागतात. ती नसली की आचलकडे. दोघी नसल्या की तहानलेले राहतात. मी ग्लास भरून जवळ ठेवते, मी खोलीतून गेल्यावर पितात.

घर इतकं शांत कधी नव्हतं. मला हेच हवं होतं असं वाटायचं. आज दिवसातून तीनदा मला भास झाला की कोणी सूनबाई म्हणालं. तिन्ही वेळा जाऊन पाहिलं.

२६ मार्च, गुरुवार

आचलचा शेवटचा पेपर झाला. ती आल्यावर तिला गच्चीवर नेलं आणि सांगितलं. बाबा सांगू नको म्हणाले होते, पण आता पेपर संपले.

ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. तुझी बादली कोरडी राह्यची, आई."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कठड्यावरचा पापुद्रा नखाने काढला. "मीही तेच करून राह्यली होती नं. ट्यूशनच्या वेळी. तुझं चालते तं माझंही चालन म्हटलं."

तेव्हा तिला बाम लावला होता तो मीच. मी तिच्याकडे बघत राहिले. सतरा वर्षांची आहे. मग म्हणाले, "यानंतर झोपायचं असेल तर झोपते म्हण. जायचं नसेल तर जात नाही म्हण. डोक्याचं नाव घेऊ नकोस."

"अन् तू?"

मी "बघू" म्हणाले. खाली आलो.

२९ मार्च, रविवार

आज दुपारी मामाजींनी हाक मारली. "सूनबाई."

मी पोळी तव्यावर टाकूनच पळाले. त्यांना काही नको होतं. वॉकरला धरून बसले होते. "बस," म्हणाले. मी बसले. पोळी जळल्याचा वास आला, त्यांनी हाताने जाऊ दे म्हटलं.

"मी तुले दिवसातून कितीक खेपा आवाज देतो?"

"मोजलं नाही."

"मी मोजत होतो, इथं पडल्या पडल्या. दहा दिवस देल्ला नाई तवा समजलं. चाळीस-पन्नास खेपा तोंडाशी येते." ते दमले, थांबले. "चहा नाई पाह्यजे रायत मले. चष्मा तं खिशातच रायते. दुकान सोडून सहा वर्षं झाले. पोरगा दुकानात, नात शाळेत. घरात कोणी हाय का नाई, तेवढं पाहासाठी आवाज देतो मी."

मी साडीच्या काठाकडे बघत होते.

"अन् तुह्यं डोकं दुखलं का मले काम भेटे," ते म्हणाले. "दाराशी बसाचं. कोणाले बोलू द्याचं नाई. भांडे वाजू द्याचे नाई. तेवढे दोन-तीन घंटे बरे जात. ते तू खोटंच करून राह्यली होती, याचंच वाईट वाटलं. पायाचं नाई एवढं."

"मामाजी, चुकलं माझं."

"हो, चुकलं. खुबा काई पहिल्यावानी होत नाई आता." मग विचारलं, "आतमंधी करत काय होती?"

यांनीही हेच विचारलं होतं, पण उत्तरासाठी थांबले नव्हते. आज होतं ते सांगितलं. "काही नाही. बसत होते. कोणाला काही नको असेल असं."

त्यांनी मान हलवली. समजलं की नाही, माहीत नाही. "मंग बसत जाय. दोन ते चार. दुखो का नको दुखो. पण मी आवाज देल्ला तं उठजो."

"उठीन."

"मी उगाच देणार नाई."

मी स्वयंपाकघरात गेले. जळलेली पोळी फेकली. तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. कशासाठी ते कळलं नाही. आईचा चेहरा समोर आला. लीलाबाई आली, परत गेली.

२१ एप्रिल, मंगळवार

डॉ. प्रेरणाचा फोन आला. अभ्यास पूर्ण झाला, नंबर उघडले. मला खरी वीज मिळाली होती. मनकर्णाला अर्ध्या मिनिटाची. आता ठरल्याप्रमाणे तिला खरी देणं सुरू केलं आहे. मागून तिचा आवाज आला, "बारा खेपा कोरडंच बसवलं मले! तरी येत होती मी. घरी कोण बसवते वीस मिनिटं खुर्चीत!"

मार्चमध्ये माझे दोन चौकोन भरले, या महिन्यात आतापर्यंत चार, त्यातलं एक ३. डॉ. प्रेरणा म्हणाली, काही जणींत परिणाम हळूहळू उतरतो, हवं तर परत या. कायमचं जाईल असं मी कधीच म्हटलं नव्हतं, असंही म्हणाली. तिने खरंच म्हटलं नव्हतं. जूनमध्ये येईन असं सांगितलं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी सोडून देईन गाडीवर. बसमधी गर्दी रायते." जवळजवळ दोन महिन्यांनी कामाव्यतिरिक्तचं पहिलं वाक्य. मी बरं म्हणाले.

६ मे, बुधवार

नणंद आली आहे, मुलांना घेऊन. आज सव्वादोनला मी भांडी आवरली आणि मागच्या खोलीत गेले. बादली नेली नाही. दार लोटलं, कडी लावली नाही.

थोड्या वेळाने बाहेर नणंदेचा आवाज आला. "वहिनी कुठं गेली?"

"आतमंधी हाय," मामाजी म्हणाले.

"डोकं दुखते का तिचं?"

"नाई. काई दुखत नाई."

"मंग काय करून राह्यली दुपारची?"

"बसली हाय. चार वाजता येईन बाहेर."

नणंद काहीतरी पुटपुटली. पोरांचा गोंधळ चालूच होता, कोणी त्यांना गप्प केलं नाही. मी बसून होते. उठून जावं, तिला काय हवं ते विचारावं असं दोनदा वाटलं. गेले नाही. कूलरचा आवाज, पोरांचं भांडण, मामाजींचा वॉकर अंगणातून दारापर्यंत आणि दारापासून अंगणापर्यंत. सगळं ऐकू येत होतं.

साडेतीनच्या सुमारास मला भूक लागली. चांगलीच लागली. दार उघडून स्वयंपाकघरात गेले, सकाळच्या पोळीला तूप-गूळ लावला आणि उभ्याउभ्याच खाल्ली. मग आणखी एक घेतली.